फितूर, निमकहराम, विश्वासघातकी : बेइमानीच्या शब्दांसाठी शिकागोचे मराठी कोश

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना निष्ठा मोडण्याविषयीचे शब्द जितका वेळ घेतात, तितका वेळ क्वचितच दुसरे कोणते शब्द घेत असतील. इंग्रजी लेखक 'डिसलॉयल' एवढे एक विशेषण लिहून पुढे जातो. मराठीत मात्र ती निष्ठा धन्याशी होती की मित्राशी, मिठाशी होती की घराशी, ती लोभाने सुटली की कोणी फोडली, हे ठरल्याशिवाय शब्द हाती लागत नाही. आंतरजालावर 'बेइमान'चे समानार्थी शब्द शोधले, तर कपटी, लबाड, खोटारडा, विश्वासघातकी, कृतघ्न, दगाबाज अशी रांग समोर येते. त्या रांगेतला कोणता शब्द कोणत्या प्रसंगी चालतो, याविषयी तिथे एक अक्षरही नसते. लबाड माणसाने कोणाला वचन दिलेले असावेच लागत नाही आणि कृतघ्न माणूस कधी खोटे बोललेला नसेलही. मग हे दोन शब्द एकमेकांच्या जागी ठेवायचे कसे? या एका शब्दकुटुंबासाठी खरा आधार कुठे मिळतो, हे पाहण्याच्या हेतूने शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर खुल्या केलेल्या मराठी कोशांची परीक्षा येथे केली आहे.

'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या नावाने चालणाऱ्या या संग्रहात मराठीचे पाच कोश आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश', श्रीधर गणेश वझे यांचा १९११ चा शालेय कोश, मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी शिकणाऱ्या परभाषिकांसाठी केलेला प्राथमिक कोश, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ साली निघालेला प्राचीन मराठीचा कोश असे हे पाच. सेवा विनामूल्य आहे आणि पानावर जाहिराती नाहीत. वझे आणि बर्नसन यांचे कोश आपापल्या कामासाठी नेटके आहेत, पण अर्थच्छटांच्या शोधात ते लवकर संपतात. तुळपुळे-फेल्डहाउस यांच्या कोशाचा उपयोग वेगळा आहे. फारसीचा ओघ मराठीत येण्यापूर्वी, म्हणजे दगा, बेइमान आणि फितूर हे शब्द रुळण्याच्या आधी, मराठी माणूस निष्ठाभंगाला काय म्हणत होता, हे पाहायचे असेल तर तोच कोश उघडावा लागतो. प्रस्तुत विषयाचा खरा भार मात्र मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे या दोघांवरच पडतो.

या संग्रहाचे सर्वांत मोठे मोल ज्या सोयीत आहे, तिच्याकडे पुष्कळ वाचकांचे लक्षच जात नाही. शोध केवळ शीर्षशब्दांत घेता येतो तसा नोंदींच्या संपूर्ण मजकुरातही घेता येतो. छापील मोल्सवर्थमध्ये 'फितूर' शोधायचा तर तो शब्द आधी ठाऊक असावा लागतो; येथे मात्र 'ट्रेचरी', 'परफिडी' किंवा 'सिडिशन' हे इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाकून संपूर्ण मजकूर धुंडाळला, की ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात मोल्सवर्थने ते योजले आहेत, ते सारे शब्द एकत्र समोर येतात. दाते-कर्वे यांच्या कोशात अर्थ मराठीतच दिलेले असल्यामुळे तेथे 'विश्वासघात' किंवा 'द्रोह' टाकून हेच काम होते. अकारविल्हे रचलेल्या कोशातून अर्थानुसारी कोश असा बाहेर काढता येतो, आणि जी यादी मिळते तिच्यातील प्रत्येक शब्दाला त्याची स्वतःची नोंद, व्युत्पत्ती आणि छापील पानाचा क्रमांक जोडलेला असतो. समानार्थी शब्दांच्या कोणत्याही सुट्या यादीपेक्षा हे शतपटीने अधिक उपयोगी आहे, असे मला ठामपणे वाटते.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे वळू. या कुटुंबातला सर्वांत मराठमोळा झालेला शब्द 'फितूर' हाच आहे, जरी त्याचे मूळ अरबी 'फुतूर' या शब्दात, म्हणजे ढिलाई, दोष, बिघाड या अर्थात असले तरी. हिंदीत तोच शब्द डोक्यात शिरलेले खूळ किंवा वेड या अर्थाने स्थिरावला, आणि हिंदी गाण्या-चित्रपटांमुळे आजच्या तरुण मराठी वाचकाच्या मनात कदाचित तोच अर्थ आधी उभा राहत असेल. मराठीत त्याने जी वाट धरली ती राजकारणाची आणि किल्ल्यांची. फितूर होतो तो आपल्यातला माणूस असतो. शत्रूच्या सैनिकाला कोणी फितूर म्हणत नाही. शिवाय त्याला फोडणारा एक तिसरा पक्ष नेहमी असतो, आणि मराठीने त्या तिसऱ्यासाठी 'फितवणे' हे क्रियापद सिद्ध करून ठेवले आहे. एकाने फितवायचे, दुसऱ्याने फितायचे, आणि या व्यवहाराला फितवा किंवा फितुरी म्हणायचे, अशी ही पूर्ण रचना आहे. 'दगाबाज' माणसाला कोणी फोडलेले असण्याची गरज नसते, तो आपल्या बुद्धीने दगा देतो. 'फितूर' माणसाच्या मागे मात्र दुसऱ्याची थैली किंवा दुसऱ्याचे आश्वासन उभे असते. हा फरक अनुवादात पाळला गेला नाही, तर ऐतिहासिक प्रसंगाचे सारे चित्रच बदलते.

हा शब्द मराठीत इतका खोल का रुजला, याचे उत्तर किल्ल्यांच्या व्यवस्थेत सापडते. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांनी प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी नेमून कारभार तिघांत वाटून दिल्याचे वर्णन आहे. एकट्या माणसाला फोडून किल्ला घेता येऊ नये, हा त्या वाटणीमागचा विचार होता. ज्या राज्याचा जीव गडांत होता, त्या राज्यात फितुरी हे सर्वांत मोठे भय असणार. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, त्या प्रसंगाशी परंपरेने सूर्याजी पिसाळाचे नाव जोडले, आणि इतिहासकारांत त्याविषयी वाद असूनही ते विशेषनाम मराठीत फितुराचे सामान्यनाम होऊन बसले आहे. व्यक्तिनामाचा असा वापर करताना लेखकाने दोनदा विचार करावा, असे माझे मत आहे, कारण ऐतिहासिक पुरावा आणि भाषेतील रूढी यांची गल्लत होऊन एका घराण्यावरचा आरोप पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा उच्चारला जातो.

दुसरा मोठा गट मिठाचा आहे. जुन्या कागदांत 'निमकहराम' आणि आज बहुधा 'नमकहराम' अशी रूपे दिसतात. शोध घेताना दोन्ही टाकून पाहावीत. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी निष्ठा सोडली, एवढा नेमका अर्थ या शब्दात आहे, आणि म्हणून तो चाकर, सैनिक, कारभारी यांनाच शोभतो. मित्राने मित्राचा विश्वास मोडला, भावाने भावाचे घर बुडवले, तर तेथे निमकहराम हा शब्द बसत नाही. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा त्याचा उलट बाजूचा वाक्प्रचार आपण आजही सहज वापरतो. याच्या शेजारी 'हरामखोर' ठेवून पाहावा. जुन्या पत्रव्यवहारात हरामखोरी म्हणजे स्वामीविरुद्ध केलेली बंडखोरी किंवा बेइमानी, हा राजकीय आरोप असे. आज त्या शब्दाची निव्वळ शिवी झाली आहे. ऐतिहासिक कादंबरी किंवा जुनी पत्रे वाचणाऱ्याला ही घसरण माहीत नसेल, तर दरबारी पत्रातला गंभीर आरोप त्याला रस्त्यावरचे भांडण वाटेल. दाते-कर्वे यांच्या कोशाची थोरवी अशा ठिकाणी कळते, कारण त्यांनी ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, दासबोध, मोरोपंत यांच्याबरोबरच राजवाडे-खरे यांच्यासारख्या संशोधकांनी छापलेल्या ऐतिहासिक कागदांतून अवतरणे उचलली आहेत. शब्दाचा अर्थ सांगून न थांबता तो कोणत्या काळी, कोणाच्या लेखणीतून कसा आला, हे दाखवणारा इतक्या विस्ताराचा दुसरा मराठी कोश मला माहीत नाही.

संस्कृतातून आलेल्या शब्दांचा डौल निराळा आहे. 'विश्वासघात' या शब्दात आधी विश्वास ठेवलेला असला पाहिजे ही अट आहे. ज्याने विश्वासच ठेवला नाही त्याचा विश्वासघात होत नाही, त्याची फार तर फसवणूक होते. 'कृतघ्न' म्हणजे केलेले उपकार मारून टाकणारा, आणि त्याच्या बाजूने कसला करार किंवा शपथ असण्याचे कारण नाही. 'द्रोह' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या द्रुह्‌ धातूत वैर धरणे, अपाय चिंतणे हा भाव आहे. त्यामुळे नुसते सोडून जाणे हा द्रोह होत नाही. त्याला हानी करण्याची इच्छा लागते. या शब्दाची आणखी एक सोय अशी, की तो आपल्या पाठीवर निष्ठेचे स्थान उघड वागवतो : मित्रद्रोह, गुरुद्रोह, स्वामिद्रोह, राजद्रोह, देशद्रोह. जिथे नेमकेपणा हवा असेल तिथे अनुवादकाने प्रथम या सामासिक शब्दांकडे पाहावे, असा माझा आग्रह असतो.

येथे कोशाच्या आवृत्तीचे साल ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. मोल्सवर्थच्या आवृत्तीचे साल १८५७ आणि भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम घातले गेले १८७० मध्ये. म्हणजे मोल्सवर्थ वाचताना राजद्रोह हा राजाविरुद्धचा अपराध म्हणून वाचायचा, तर लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली खटले चालल्यानंतरच्या मराठीत तोच शब्द सरकारविरुद्ध अप्रीती पसरवण्याच्या कायदेशीर गुन्ह्याचे नाव झाला. 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला आणि त्याची पुरवणी १९५० मध्ये आली, त्यामुळे तो या बदलानंतरचा साक्षी आहे. आज वृत्तपत्रे राजद्रोह आणि देशद्रोह हे शब्द एकाच बातमीत आलटूनपालटून वापरतात, हे मला खटकते, कारण सरकार आणि देश यांच्याविषयीची निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि ज्यांच्यावर हा आरोप होतो त्यांच्या दृष्टीने हा फरक शब्दांपुरता राहत नाही.

'बेइमान' हा शब्द सर्वांत सैल झालेला आहे आणि म्हणूनच सर्वांत अधिक वापरला जातो. इमान म्हणजे मुळात श्रद्धा. मराठीत ती निष्ठा झाली, आणि 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' हे वाक्य शाळेतल्या निबंधापासून आपल्या कानांत आहे. 'इमानेइतबारे' या सुंदर जोडशब्दात निष्ठा आणि भरवसा दोन्ही एकत्र आले आहेत. त्यामुळे बेइमान याचा पहिला अर्थ निष्ठा सोडलेला, आणि पैशाच्या व्यवहारात अप्रामाणिक हा पुढे पसरलेला अर्थ. वजनात मारणाऱ्या दुकानदाराला बेइमान म्हटले तर मराठी वाचकाला चुकीचे वाटत नाही, पण त्याला फितूर किंवा निमकहराम म्हटले तर हसू येईल. शब्दाची व्याप्ती ओळखण्यासाठी अशी उदाहरणे स्वतःशी घडवून पाहणे हा उपाय मला कोणत्याही यादीपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. मोल्सवर्थ वाचणाऱ्याला येथे एक मदत होते : त्याने शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्तानी अशा मूळ भाषांच्या खुणा आद्याक्षरांनी दिल्या आहेत, आणि त्या पाहत गेल्यास निष्ठाभंगाची मराठी शब्दसंपदा किती मोठ्या प्रमाणात फारसी-अरबीतून आली आहे हे डोळ्यांपुढे येते. शिवकाळातील राजव्यवहारकोशाने दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, तरीही दगा, फितूर, बेइमान हे शब्द मराठीने सोडले नाहीत. त्यांच्या जागी बसतील असे तितकेच धारदार शब्द मिळाले नाहीत, हेच मला त्याचे कारण दिसते.

वाक्प्रचारांच्या बाबतीत मात्र शिकागोच्या संग्रहावर पूर्ण विसंबू नये. दाते-कर्वे यांनी शीर्षशब्दाखाली म्हणी आणि वाक्प्रचार दिले आहेत, पण 'केसाने गळा कापणे' केसाखाली शोधायचे की गळ्याखाली, 'अस्तनीतला निखारा' कुठे असेल, हे आधी ठाऊक असावे लागते. संपूर्ण मजकुराचा शोध येथेही थोडी मदत करतो. याच मंडळींचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' वेगळा छापलेला आहे आणि तो या संग्रहात नाही. ग्रंथालयात जाऊन तो पाहणे आवश्यक ठरते. निष्ठाभंगाच्या वाक्प्रचारांत मराठी किती काटेकोर आहे, याचे एकच उदाहरण देतो. 'अस्तनीतला निखारा' हा आपण स्वतः जवळ बाळगलेला घातक माणूस; 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' या म्हणीतला माणूस आपल्याच जातकुळीतून निघून परक्याच्या हाती गेलेला; आणि 'दोन डगरींवर पाय' ठेवणारा अजून कोणालाच सोडून गेलेला नसतो, फक्त कोणाचाच झालेला नसतो. इंग्रजीतील एका विशेषणासाठी या तिघांपैकी कोण निवडायचा, हे संदर्भ वाचूनच ठरते.

दाम्पत्यातील निष्ठाभंगाचे शब्द शोधताना एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर येते. व्यभिचारिणी, जारिणी, स्वैरिणी, पुंश्चली, छिनाल असे स्त्रीला उद्देशून योजलेले शब्द भाषेत मुबलक आहेत. पुरुषासाठी जार, बाहेरख्याली असे मोजके, आणि 'बाहेरख्याली' तर जवळजवळ सौम्य. हा कोशकारांचा दोष नव्हे, त्यांनी समाजात होते ते लिहून ठेवले. पण आजच्या लेखकाने ही यादी जशीच्या तशी उचलू नये. दोघांनाही सारखा लागू पडणारा 'प्रतारणा' हा शब्द मराठीत उपलब्ध आहे आणि तो प्रतिष्ठितही आहे; मात्र हिंदीतील 'प्रताड़ना', म्हणजे छळ, याच्याशी त्याची गल्लत होत असल्याचे अलीकडे वरचेवर दिसते, तिच्यापासून सावध राहावे.

आता उणिवा. जुने लेखन हा पहिला अडसर आहे. १९६२ नंतर मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी पुष्कळ अनुस्वार गेले, पण या कोशांत क्रियापदे 'फितविणें' अशीच आहेत, तेव्हा 'फितवणे' टाकून काही मिळाले नाही तर शब्द कोशात नाही असे समजू नये. संकेतस्थळाची भाषा इंग्रजी आहे, आणि मोल्सवर्थचे अर्थ एकोणिसाव्या शतकातील भारदस्त इंग्रजीत असल्यामुळे ती भाषा न येणाऱ्या वाचकाला दाते-कर्वे हाच आधार उरतो. समानार्थी शब्द असे वेगळे सदर कुठल्याच नोंदीत नाही. त्या दृष्टीने मुंबईच्या आयआयटीत उभारलेले मराठी वर्डनेट पूरक ठरते, कारण त्याची रचनाच समानार्थी शब्दांच्या गटांवर आधारलेली आहे. पण गटातील शब्दांमधला भेद समजून घेण्यासाठी पुन्हा मोठ्या कोशाकडेच यावे लागते.

सर्वांत मोठी उणीव काळाची आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या राजकीय सभांतून 'गद्दार' हा शब्द ज्या वारंवारतेने आणि ज्या धारेने वापरला गेला, त्याची नोंद १९५० पर्यंतच्या कोशात असणे शक्य नाही. त्याउलट १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची जोडली, तेव्हापासून 'पक्षांतर' हा शब्द कायद्याच्या भाषेत रुळला आणि त्यात निंदेचा अंश नाही. एकाच कृतीला कोणी गद्दारी म्हणतो आणि कोणी पक्षांतर. बातमी लिहिणाऱ्याने 'पक्षांतर' हाच शब्द योजला पाहिजे आणि 'गद्दारी' हा केवळ वक्त्याच्या तोंडी ठेवला पाहिजे.

न्यायालयीन मराठीत हाच प्रश्न 'फितूर साक्षीदार' या प्रयोगाने उभा राहतो. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला, त्याच पक्षाच्या विरोधात तो बोलू लागला, की न्यायालयाच्या परवानगीने त्या पक्षाला आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणीसारखी विचारपूस करता येते. इंग्रजीत अशा साक्षीदाराला 'होस्टाइल' म्हणतात आणि मराठी वृत्तपत्रे सर्रास 'साक्षीदार फितूर झाला' असे छापतात. वर पाहिल्याप्रमाणे फितूर या शब्दात कोणीतरी फोडल्याचा आरोप सामावलेला आहे. साक्षीदार धाकाने गप्प बसला असेल, त्याची स्मृती पुसट झाली असेल, किंवा पोलिसांनी नोंदवलेला जबाबच मुळात त्याचा नसेल. त्याने सांगितलेले सारेच टाकाऊ ठरते असेही नाही. त्याच्या साक्षीतील विश्वासार्ह भाग न्यायालये विचारात घेतात. अशा ठिकाणी 'साक्षीदाराने साक्ष फिरवली' किंवा 'साक्षीदार उलटला' असे लिहिणे मला अधिक न्याय्य वाटते, आणि लाच घेऊन साक्ष बदलल्याचे सिद्ध झाले असेल तेव्हाच 'फितूर' योजावा. अशा पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आंतरजालावर उपलब्ध आहेत, आणि कायद्याचा अनुवाद करणाऱ्याने ते शिकागोच्या कोशांबरोबर उघडे ठेवावेत. ज्यांना पडद्यावर मोठ्या नोंदी वाचणे कठीण जाते, त्यांनी मोल्सवर्थचे शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली काढलेले पुनर्मुद्रण जुन्या ग्रंथविक्रेत्यांकडे शोधावे. दाते-कर्वे यांचे सारे विभाग घरात ठेवायला मोठी फळी लागते, तेव्हा ते आंतरजालावरच वापरणे सोयीचे आहे.